पुन्हा पुन्हा तेच मागणं म्हणजे अविश्वास का?

जय ख्रिस्त, ताई.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. धाकट्या भावाची दारू सुटावी म्हणून तुम्ही नऊ वर्षं प्रार्थना करत आहात. मध्ये दोनदा तो सावरला आणि पुन्हा घसरला. आता मंडळीतल्या (म्हणजे चर्चमधल्या) एका ज्येष्ठ बंधूंनी तुम्हाला सांगितलं की विश्वासाने एकदा मागावं आणि आभार मानून गप्प बसावं, तेच तेच मागत राहणं हा अविश्वास आहे. एका भगिनींनी नेमकं उलट सांगितलं: चाळीस दिवस उपास धरा, देवाला सोडू नका, त्याला ऐकावंच लागेल. तुम्ही दमला आहात. प्रार्थना चालू ठेवावी का, कशी करावी, आणि भावाला ते कळू द्यावं का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी पाळक म्हणून सगळी सेवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत केली आणि निवृत्तीनंतरही मध्यस्थीच्या प्रार्थनेच्या गटात बसतो. दारूने पोखरलेल्या घरांत प्रार्थनेला बसण्याचे प्रसंग फार आले. म्हणून आधी सरळ उत्तर देतो: पुन्हा मागणं हा अविश्वास नाही. याचा पुरावा गेथशेमाने बागेत, येशूच्या अटकेच्या रात्री आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय 26 मध्ये, येशू तीन वेळा बाजूला जाऊन प्रार्थना करतो, आणि तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा तेच शब्द उच्चारले असं मत्तय मुद्दाम लिहितो. तेच तेच मागणं जर अविश्वास असेल, तर तो आरोप आधी प्रभूवर येतो. तुमचे ज्येष्ठ बंधू बहुधा मत्तय 6 मधल्या ‘व्यर्थ बडबड करू नका’ या वचनावर बोट ठेवतील. ते वचन पूर्ण वाचावं. आपण पुष्कळ बोललो म्हणजे आपलं ऐकलं जाईल, असं समजणाऱ्यांना प्रभू तिथे थांबवतो. शब्दांच्या ढिगाने देव वळतो हा हिशोब त्याला मोडायचा आहे. दुःखाने भरलेल्या माणसाने तेच दुःख रोज बापाजवळ न्यावं की नाही, हा तिथला विषयच नाही.

त्या भगिनींनी सांगितलेल्या वाटेबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण ती भक्तीसारखी दिसते. चाळीस दिवसांचा उपास, पहाटेची साखळी प्रार्थना, ‘देवाला ऐकावंच लागेल’, हे शब्द आपल्याकडे आता सर्रास ऐकू येतात. उपासाला माझा विरोध नाही. मीही उपास करतो. पण उपासाची किंमत मोजून भाऊ सोडवून घ्यायचा असेल, तर तो नवसच झाला, फक्त देवाचं नाव बदललं. आणि चाळिसाव्या दिवशी भाऊ पिऊन घरी आला की सगळा दोष तुमच्या माथी येतो: उपास नीट झाला नाही, मनात शंका आली. मी पुष्कळ भगिनींना या दोषाखाली वाकलेलं पाहिलं आहे. काहींनी त्यानंतर प्रार्थनेला बसणंच सोडलं.

या शिकवणीला आधार म्हणून लूकच्या शुभवर्तमानातले, येशूने सांगितलेले दोन दाखले नेहमी पुढे केले जातात, म्हणून त्यांच्याकडे नीट बघू.

पहिला लूक 11 मधला. एका माणसाकडे मध्यरात्री पाहुणा येतो आणि घरात भाकर नसते. तो शेजाऱ्याच्या दारात जाऊन तीन भाकरी मागतो. आतून उत्तर येतं: दार लावलं आहे, मुलं माझ्याजवळ निजली आहेत, मला उठता येत नाही. गावातलं एका खोलीचं घर डोळ्यांसमोर आणा. बाप उठला तर सगळं घर उठणार. तरी तो उठतो, कारण बाहेरचा हटत नाही. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दार ठोकणारा माणूस स्वतःसाठी भाकर मागत नव्हता. त्याच्या घरी कुणी उपाशी आलं होतं आणि याच्याजवळ द्यायला काही नव्हतं. ताई, तुम्ही अगदी त्याच जागी उभ्या आहात. भावाला जे हवं ते तुमच्याजवळ नाही, म्हणून तुम्ही दुसऱ्याच्या दारात गेला आहात. आणि त्या भागाचा शेवट बघा. तुम्ही वाईट असूनही मुलांना चांगल्या देणग्या देता, तर स्वर्गातला पिता जे मागतात त्यांना किती अधिक देईल, असं प्रभू म्हणतो, आणि त्या ‘अधिक’मध्ये पवित्र आत्मा आहे. भाकरीपासून सुरू झालेली गोष्ट तिथे पोहोचते.

दुसरा लूक 18 मधला. न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करत नाही. विधवेजवळ पैसा नाही, बाजूने बोलणारा पुरुष नाही, ओळख नाही. तिच्याजवळ फक्त रोज येणं आहे. शेवटी तो कंटाळून न्याय देतो. हा दाखला ऐकून लोक म्हणतात, बघा, असंच देवाला कंटाळवलं पाहिजे. पण प्रभू त्या न्यायाधीशाला देवाचं चित्र म्हणून उभं करत नाही. तो म्हणतो की असा अन्यायी माणूससुद्धा शेवटी ऐकतो, तर आपल्या निवडलेल्यांचा आक्रोश देव ऐकणार नाही का? दोघांमधला फरक हाच त्या दाखल्याचा कणा आहे. विधवेला दारातून हाकलणारा तो देव नाही. विधवांना गांजू नका, त्यांनी हाक मारली तर मी ऐकेन, असं निर्गम 22 मध्ये त्याने स्वतः सांगितलं आहे.

आणि दाखल्याच्या शेवटी प्रभूने विचारलेला प्रश्न तुम्हाला सर्वांत जास्त लागू पडतो: मनुष्याचा पुत्र येईल तेव्हा त्याला पृथ्वीवर विश्वास आढळेल काय? इथे विश्वास म्हणजे शंका न येणं नव्हे, मनात उत्साह असणंही नव्हे. न्याय मिळालेला नसताना उद्या पुन्हा त्याच दारात येणं, याला प्रभू तिथे विश्वास म्हणतो आहे. नऊ वर्षांनंतर तुम्ही अजून विचारत आहात की प्रार्थना कशी करावी. तुमचा विश्वास कमी पडला असं म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न आधी स्वतःला लावून पाहावा.

विश्वास कमी पडला म्हणून उत्तर मिळालं नाही, हे वाक्य आपल्या मंडळ्यांतून जितक्या लवकर जाईल तितकं बरं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 12 वाचा. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारतो. मग पेत्राला धरतो आणि चार-चार शिपायांच्या चार तुकड्या त्याच्यावर पहाऱ्याला बसवतो. मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करते. रात्री दूत त्याला बाहेर काढतो, तो मरीयेच्या घरी येऊन दार ठोठावतो आणि रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत प्रार्थना करणारे लोक काय म्हणतात? तू वेडी आहेस. ज्याच्या सुटकेसाठी ते गुडघ्यांवर होते तो दारात उभा आहे आणि त्यांचा विश्वास बसत नाही! तरी पेत्र सुटला. त्यांच्या विश्वासाचं माप काढून देवाने उत्तर दिलं नाही.

त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात याकोब मेला आहे. तो धरला गेला तेव्हा मंडळी गप्प बसली असेल असं मला वाटत नाही. याकोबाची आई होती, भाऊ होता. एक सुटला आणि एक का गेला, याचं कारण ते पुस्तक लिहिणारा लूक देत नाही. मीही देणार नाही. जे देतात त्यांच्यापासून सांभाळून राहा.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. निराधार स्त्रिया आणि मुलींसाठी त्यांनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जानेवारीत त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमायला सांगितलं. सत्तरेक जणींनी सुरुवात केली आणि जूनपर्यंत हा आकडा पाचशेच्या पुढे गेला. जूनअखेर तिथे जी आत्मिक जागृती झाली तिची हकिगत आपल्याकडच्या प्रार्थनासभांतून अजून सांगितली जाते. ती सांगावीच. पण तिच्यासोबत 1921 सालही सांगितलं पाहिजे. त्या वर्षी रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कामाची वारसदार म्हणून सगळे तिच्याकडे पाहत होते. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेलेली, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेलेला, आणि आता मुलगी. रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुढे नेलं आणि एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. 1905 ची साक्ष आवडते आणि 1921 ची नको वाटते, अशी मंडळी दुःखी माणसाला सोबत करू शकत नाही.

आता प्रार्थना कशी करावी, त्याकडे वळतो.

सर्वांत आधी, देवाला रोज योजना देणं थांबवा. ‘त्याला अमुक नोकरी लाव, तमुक मित्र तोड, या महिन्यात सोडव’ असं मागून मागून माणूस दमतो, कारण प्रत्येक महिन्याच्या शेवटी निकाल लागतो. भावाचं नाव घ्या. आज त्याच्याबद्दल जे वाटतं ते सांगा, रागही सांगा. तुम्ही लिहिलं आहे की कधी कधी तो मेला तर बरं असं मनात येतं आणि मग प्रार्थनेला बसायची लाज वाटते. ताई, हाच विचार घेऊन देवासमोर बसा. आपल्यात राग लपवून गोड प्रार्थना करायची सवय फार आहे, आणि त्या प्रार्थना लवकर वाळतात. मूल होत नसलेल्या हन्नाने शिलोच्या मंदिरात आपलं मन असं ओतलं की एली याजकाला ती प्यालेली वाटली. वर्षानुवर्षं ती त्याच दुःखाने तिथे जात होती.

शब्द संपतात तेव्हा स्तोत्रं वापरा. स्तोत्र 13 सहा वचनांचं आहे आणि सुरुवातीलाच चार वेळा विचारतं: किती वेळ? स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, त्यात शेवटी आशेची ओळ नाही. देवाच्या लोकांनी ते तसंच जपून ठेवलं आणि हजारो वर्षं देवाला म्हणून दाखवलं. ज्या दिवशी स्वतःचं काही सुचत नाही त्या दिवशी स्तोत्र 13 मोठ्याने वाचा, जिथे ‘मी’ आहे तिथे भावालाही सोबत घ्या, आणि उठा. तेवढी प्रार्थना पुरते. रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायात, पौल म्हणतो की कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अवर्णनीय कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. थकलेल्या माणसासाठीच ते लिहिलं आहे.

वेळ ठरवून ठेवा आणि ती लहान ठेवा. तो पिऊन येतो त्या वेळी, धास्तावलेल्या मनाने, त्याच्या पावलांकडे कान लावून प्रार्थना करू नका. ती प्रार्थना राहत नाही, ती भीती होते. सकाळी, घर शांत असताना, दहा मिनिटं द्या. त्यातली निम्मी त्याच्यासाठी आणि निम्मी इतर गोष्टींसाठी. हे मी मुद्दाम सांगतो. दारूच्या घरात सगळ्यांचं आयुष्य पिणाऱ्याभोवती फिरायला लागतं, आणि बहिणीची प्रार्थनाही तशीच फिरायला लागते. तुमची आई आहे, तुमची नोकरी आहे, तुमचा स्वतःचा जीव आहे. देवाला त्यांच्याबद्दलही ऐकायचं आहे.

एकट्या राहू नका. मार्क 2 मध्ये चार माणसं पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उकलून खाली सोडतात. तिथे लिहिलं आहे की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल एक शब्द नाही. तुमच्या भावाची खाट तुम्ही नऊ वर्षं एकटीने ओढली आहे. दोन-तीन विश्वासू माणसं निवडा, ज्यांच्या पोटात गोष्ट राहते अशी. त्यांना सांगा की पुढचे दोन-तीन महिने या विषयाचा भार तुम्ही घ्या, मी फक्त आमेन म्हणेन. हे सोडून देणं होत नाही. चिकाटी मंडळीने मिळून दाखवायची गोष्ट आहे. एकाच्या अंगावर टाकली की ती शिक्षा होते.

आता एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. प्रार्थना आणि उपचार यांची अदलाबदल करू नका. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. ‘मुक्तीच्या प्रार्थने’साठी त्याला खोलीत कोंडून ठेवा किंवा गोळ्या बंद करा असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा, सांगणारा कितीही मोठा सेवक असो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागात विचारा. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी भरतात आणि त्यांच्या बारा पायऱ्यांतली अकरावी प्रार्थनेचीच आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट आहेत. तिथे तुम्ही जा, भाऊ तयार नसला तरी. तो दोनदा सावरून घसरला याला तुम्ही ‘देवाने दोनदा फसवलं’ असं म्हटलं आहे. दारू सुटताना घसरणं फार जणांच्या बाबतीत होतं. ती दोन्ही वेळची शुद्ध मला खरी वाटते आणि त्यांच्याबद्दल आभार मानायला हवेत.

तो आईकडून पैसे हिसकावतो असंही तुम्ही लिहिलं आहे. आईचं पेन्शन तिच्या हाती राहील अशी व्यवस्था करा. हात उचलला तर पोलिसांना बोलवा. ‘प्रार्थना करा आणि सहन करा’ हा सल्ला आपल्या मंडळ्यांतून कितीतरी बायकांना दिला गेला आणि त्यांची हाडं मोडली. प्रार्थनेतली चिकाटी आणि मार खाण्यातली चिकाटी या एक नव्हेत. भावासाठी सकाळी प्रार्थना करावी आणि संध्याकाळी त्याला पैसे द्यायला ठाम नकार द्यावा, यात काही विरोध नाही.

प्रार्थना कधी थांबवावी, हा प्रश्न तुम्ही शेवटी दबक्या आवाजात विचारला आहे. थांबण्याचे प्रसंग शास्त्रात आहेत. मोशेने यार्देनेपलीकडचा देश पाहायची विनंती केली तेव्हा देवाने सांगितलं की पुरे, याविषयी माझ्याशी आणखी बोलू नकोस. दावीद आजारी लेकरासाठी सात दिवस जमिनीवर पडून होता. लेकरू गेल्यावर उठला, अंघोळ केली, देवाच्या घरी जाऊन नमन केलं आणि जेवला. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सततच्या एका पीडेसाठी, तीनदा विनवलं आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर आल्यावर त्याची मागणी बदलली. म्हणजे दार खरंच बंद झालं असेल, किंवा स्वच्छ ‘नाही’ ऐकू आलं असेल, तर थांबण्यातही आज्ञापालन आहे. तुमच्या बाबतीत यातलं काही झालेलं नाही. भाऊ जिवंत आहे. तुम्हाला ‘नाही’ ऐकू आलेलं नाही, फक्त शांतता ऐकू आली आहे, आणि कनानी बाईनेही आधी शांतताच ऐकली होती. तीही मुलीसाठी मागत होती. येशूने आधी एक शब्दही उत्तर दिलं नाही, शिष्य तिला घालवून द्या म्हणाले, मग जे उत्तर आलं ते जिव्हारी लागेल असंच होतं. ती तिथून हलली नाही. ‘बाई, तुझा विश्वास मोठा आहे’ हे शब्द तिला मिळाले. म्हणून थांबू नका, पण वेग कमी करा.

राहिला प्रश्न भावाला सांगायचं का, हा. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत मोनिका नावाची आई आपल्या मुलासाठी, पुढे मोठा ख्रिस्ती आचार्य झालेल्या ऑगस्टीनसाठी, वर्षानुवर्षं रडत होती. ती एका बिशपकडे गेली आणि माझ्या मुलाशी बोला, त्याला समजावा म्हणून मागे लागली. बिशपने नकार दिला. तो अजून ऐकायच्या स्थितीत नाही, त्याला राहू दे, तू त्याच्यासाठी फक्त देवाकडे माग, असं सांगितलं. ऑगस्टीननेच हे पुढे लिहून ठेवलं. आणखी एक गोष्ट त्याने लिहिली आहे. तो रोमला निघाला ती रात्र मोनिकेने किनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थळात काढली. त्याने जाऊ नये एवढंच ती मागत होती. पहाटे जहाज गेलेलं होतं. पण तो रोमहून पुढे मिलानला गेला आणि तिथेच 387 च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. त्या रात्रीची मागणी देवाने बाजूला ठेवली आणि ती कायम करत असलेली मागणी ऐकली, असं ऑगस्टीन म्हणतो. सगळ्या आयांच्या वाट्याला 387 येत नाही, हे मला माहीत आहे. मोनिकेची गोष्ट मी हमी म्हणून सांगत नाही. बिशपच्या सल्ल्यासाठी सांगतो.

भावाला एकदा सांगा, तो शुद्धीत असताना, साध्या शब्दांत: मी तुझ्यासाठी प्रार्थना करते. पुन्हा ऐकवू नका. जेवताना त्याच्यासमोर मोठ्याने त्याचं पाप मोजणारी प्रार्थना करू नका. ती देवाला उद्देशून नसते, हे त्याला बरोबर कळतं. ‘तुझ्यासाठी एवढे उपास केले’ हे तर कधीच म्हणू नका. त्याने स्वतःहून ‘माझ्यासाठी प्रार्थना कर’ म्हटलं, तर त्याच वेळी, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत करा आणि मग डॉक्टरांकडे कधी जायचं ते विचारा. फोन नंबर आधीच लिहून ठेवा, कारण अशी वेळ आली तर ती फार थोडा वेळ टिकते.